आयओएमएमयू नीट कसं लावायचं: कार्डाला लागते तेवढीच मेमरी द्या

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसी असू दे, गोकुळ शिरगाव असू दे नाहीतर उद्यमनगरातलं छोटं वर्कशॉप, आता बऱ्याच ठिकाणी कास्टिंग तपासायला कॅमेरा बसलाय, कॅमेऱ्यामागं एक पीसी आणि पीसीत एक फ्रेम ग्रॅबर कार्ड. हे कार्ड फोटोचा एकेक बाइट सीपीयूच्या हातात देत बसत नाही, ते थेट रॅममध्ये लिहितं, यालाच डीएमए म्हणतात. वेग त्यामुळंच मिळतो, पण भानगड पण तिथंच आहे, कारण आयओएमएमयू (कार्डाला रॅमचा कुठला भाग वापरता येईल ते तपासणारं हार्डवेअर) बंद असेल तर ते कार्ड रॅममध्ये कुठंही लिहू शकतं, कर्नलच्या डेटावर, दुसऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरीवर, कुठंही, आणि त्याला अडवणारं कुणी नसतं. मग पीसी दोन-चार दिवसांनी मधेच हँग होतो, लोक रॅम बदलतात, एसएमपीएस बदलतात, विंडोज परत टाकतात, आणि दोष असतो ड्रायव्हरच्या एका चुकीच्या लांबीत.

म्हणून हा लेख सविस्तर लिहितोय. उदाहरण एकच धरू: लिनक्स होस्ट (म्हणजे खरा पीसी), त्यावर विंडोजचं व्हीएम, म्हणजे त्याच्या आत चालणारा व्हर्च्युअल पीसी (कारण कार्डाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, हे आपल्याकडं नेहमीचंच), आणि फ्रेम ग्रॅबर थेट त्या व्हीएमला द्यायचाय. कमांड आणि फाइलींची नावं इथं उच्चाराप्रमाणं लिहिलीत, मशीनवर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

आधी हे काय करतं ते बघा

सीपीयूला एमएमयू असतं हे माहीत असेल, प्रोग्रॅम जो पत्ता वापरतो तो खरा रॅमचा पत्ता नसतो, एमएमयू पेज टेबल बघून त्याचा खरा पत्ता काढतं. आयओएमएमयू हेच काम डिव्हाइससाठी करतं. कार्डाला ड्रायव्हर जो पत्ता देतो त्याला आयओव्हीए म्हणतात, कार्ड त्या पत्त्यावर लिहायला गेलं की आयओएमएमयू आधी बघतं की हे कार्ड कुठलं, याच्या टेबलात हा पत्ता आहे का, असला तर वाचायची परवानगी आहे का लिहायची, आणि सगळं जुळलं तरच ती रिक्वेस्ट पुढं रॅमकडं जाते. कारखान्याच्या गेटवर ट्रकचा गेट पास बघून कुठल्या शेडला जायचं ते सांगतात तसंच, पास नाही तर गाडी आत नाही.

कार्ड कुठलं हे कळतं रिक्वेस्टर आयडीवरून. पीसीआय एक्सप्रेसवर प्रत्येक रिक्वेस्टसोबत १६ बिटांचा हा आयडी जातो, ८ बिट बस, ५ बिट डिव्हाइस, ३ बिट फंक्शन. एलएसपीसीआयमध्ये (पीसीआय कार्डांची यादी दाखवणारी लिनक्सची कमांड) जे ०३:००.० असं दिसतं ना, तेच. हे डोक्यात पक्कं बसवा, पुढं ग्रुपचं आणि फॉल्टचं सगळं यावरच अवलंबून आहे.

इंटेलच्या मशीनवर याचं नाव व्हीटी-डी, एएमडीवर एएमडी-व्हीआय, आर्म बोर्डांवर एसएमएमयू. नावं वेगळी, काम तेच.

बायोस आणि कर्नल

बायोसमध्ये जाऊन इंटेलवर व्हीटी-डी चालू करा. लक्षात घ्या, व्हीटी-एक्स वेगळं आणि व्हीटी-डी वेगळं, पहिलं सीपीयूच्या व्हर्च्युअलायझेशनचं, दुसरं डिव्हाइसचं, आणि नुसतं पहिलं चालू असलं तरी व्हीएम मस्त चालतं, त्यामुळं दुसरं बंद आहे हे कार्ड पास करायला जाईपर्यंत कळतच नाही. एएमडीवर एसव्हीएम आणि आयओएमएमयू असे दोन पर्याय असतात, आयओएमएमयू 'ऑटो'वर असेल तर सरळ 'एनेबल्ड' करून टाका.

मग कर्नल. इंटेलवर /इटीसी/डीफॉल्ट/ग्रब या फाइलमधल्या कर्नल लाइनीत इंटेल_आयओएमएमयू=ऑन घाला, ग्रब अपडेट करा, रीबूट करा. काही डिस्ट्रोंच्या कर्नलमध्ये हे आधीच चालू असतं पण घातल्यानं बिघडत काही नाही. एएमडीवर बायोसमधून चालू असलं की कर्नल आपोआप वापरतो, वेगळं काही घालावं लागत नाही.

चालू झालं का हे बघायला लोक डीमेसगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) डीएमएआर शोधतात आणि एक लाइन दिसली की खूश होतात. तेवढ्यावर जाऊ नका. डीएमएआर हे बायोसनं दिलेल्या एसीपीआय टेबलाचं नाव आहे, टेबल आहे याचा अर्थ आयओएमएमयू कामाला लागलंय असा होत नाही. खरी खात्री म्हणजे /सिस/कर्नल/आयओएमएमयू_ग्रुप्स हा फोल्डर. त्यात ०, १, २ असे फोल्डर दिसले तर चालू, रिकामा असला तर बंद, विषय संपला.

त्याच लॉगमध्ये इंटरप्ट रीमॅपिंग चालू झाल्याची लाइन पण शोधा. हे का, तर एमएसआय इंटरप्ट (कार्डानं सीपीयूला मारलेली हाक) हा पण शेवटी एका ठराविक पत्त्यावर केलेला राइटच असतो, आणि रीमॅपिंग नसेल तर व्हीएमच्या ताब्यातलं कार्ड होस्टला नको ते इंटरप्ट पाठवू शकतं. रीमॅपिंग नसलं की व्हीएफआयओ (कार्ड व्हीएमला देणारी लिनक्सची सोय) कार्ड द्यायला नकार देतो, आणि मग नेटवर सल्ला मिळतो की 'अलाऊ अनसेफ इंटरप्ट्स' लावा. घरी शिकायला ठीक आहे, लाइनीवरच्या मशीनला अजिबात लावू नका.

आता आयओएमएमयू=पीटी, हा ऑप्शन प्रत्येक ट्युटोरियलमध्ये डोळे झाकून दिलेला असतो. पीटी म्हणजे पासथ्रू, म्हणजे होस्टकडं राहिलेल्या डिव्हाइसना भाषांतर नाही, आयओव्हीए तोच खरा पत्ता. व्हीएमला दिलेलं कार्ड तरी बंदिस्तच राहतं, पण होस्टची नेटवर्क कार्डं, डिस्क कंट्रोलर यांना अख्खी रॅम मोकळी. माझं मत विचाराल तर वेग कमी पडतोय हे मोजून दिसल्याशिवाय पीटी लावू नये, आणि होस्टवर स्वतः ड्रायव्हर लिहीत असाल तर मुळीच नाही, कारण तुमची चूक पकडणारं एकमेव यंत्र तुम्ही स्वतःच्या हातानं बंद करताय.

ग्रुप बघा, मगच स्लॉट ठरवा

इथं सगळ्यात जास्त लोक अडकतात. आयओएमएमयू प्रत्येक कार्ड वेगळं ओळखू शकतं असं वाटतं पण तसं नेहमी नसतं. दोन कार्डं एकाच पीसीआय एक्सप्रेस स्विचखाली असली आणि त्या स्विचमध्ये एसीएस नावाची सोय नसली तर ती एकमेकांशी परस्पर बोलू शकतात, रिक्वेस्ट वर आयओएमएमयूपर्यंत येतच नाही, मग तो तपासणार काय? म्हणून कर्नल अशा कार्डांना एका ग्रुपमध्ये टाकतो, आणि नियम असा की ग्रुप द्यायचा तर अख्खा द्यायचा. ग्रुपमधलं एक कार्ड व्हीएमकडं आणि दुसरं होस्टच्या ड्रायव्हरकडं असं चालत नाही. वरचा ब्रिज किंवा रूट पोर्ट त्याच ग्रुपात दिसला तर घाबरू नका, तो हलवावा लागत नाही.

प्रत्येक ग्रुपच्या फोल्डरात डिव्हायसेस नावाचा फोल्डर असतो, तो उघडून तुमचा फ्रेम ग्रॅबर कुठल्या ग्रुपात आणि सोबत कोण कोण आहे ते लिहून घ्या. सोबत होस्टचं लॅन कार्ड किंवा साटा कंट्रोलर निघाला तर पहिला उपाय स्लॉट बदलणं. सीपीयूला थेट जोडलेला स्लॉट बऱ्याचदा चिपसेटच्या स्लॉटपेक्षा चांगला वेगळा पडतो, मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये कुठला स्लॉट कुठून येतो ते दिलेलं असतं. दुसरा उपाय बायोसमध्ये एसीएसचा पर्याय असेल तर तो चालू करणं. तिसरा उपाय म्हणून एसीएस ओव्हरराइड पॅच सुचवतात, तो मुख्य कर्नलमध्ये नाहीये आणि त्याला कारण आहे, तो फक्त कर्नलला सांगतो की कार्डं वेगळी आहेत असं समज, हार्डवेअरमध्ये कणभर फरक पडत नाही. संरक्षणासाठी हा खटाटोप करायचा आणि मग संरक्षण आहे असं नुसतं लिहून द्यायचं, याला अर्थ नाही.

आपल्याकडच्या जुन्या मशीनींची एक खास अडचण सांगतो. उद्यमनगरात अजून साधी पीसीआयची मोशन कार्डं, अ‍ॅनालॉग इनपुट कार्डं जोरात चालू आहेत. ही नव्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस ते पीसीआय ब्रिजच्या मागं बसतात, आणि ब्रिजमागच्या कार्डांच्या रिक्वेस्ट वर जाताना ब्रिजचा आयडी घेऊन जातात. आयओएमएमयूला मागं एक कार्ड आहे का तीन हे कळायला मार्गच नाही, त्यामुळं ती सगळी एका ग्रुपात येणार, पॅच मारून सुद्धा ती खऱ्या अर्थानं वेगळी होणार नाहीत. तिन्ही एकाच व्हीएमला द्या नाहीतर एकच कार्ड ठेवा.

कार्ड व्हीएफआयओकडं द्यायचं

व्हीएफआयओ लिनक्समध्ये २०१२ साली ३.६ कर्नलपासून आहे, मुरलेली गोष्ट आहे. काम सोपं: होस्टच्या ड्रायव्हरला कार्ड सोडायला लावायचं आणि व्हीएफआयओ-पीसीआय या ड्रायव्हरला जोडायचं. लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर होस्टडेव्हच्या एंट्रीत मॅनेज्ड=येस ठेवा, जोडणं सोडणं तोच करतो.

बूटपासूनच बाजूला ठेवायचं असेल तर एलएसपीसीआय -एनएनके चालवा, त्यात चौकटी कंसात व्हेंडर आणि डिव्हाइस आयडी दिसतात, ते व्हीएफआयओ-पीसीआय.आयडीज= पुढं कर्नल लाइनीत घालायचे. पण एकसारखी दोन कार्डं असतील, एक व्हीएमला आणि एक होस्टला, तर आयडीनं दोन्ही उचलली जातात, तिथं त्या पत्त्याच्या डिव्हाइसच्या सिस फोल्डरातली ड्रायव्हर_ओव्हरराइड ही फाइल वापरा, तीत व्हीएफआयओ-पीसीआय लिहा, जुना ड्रायव्हर अनबाइंड करा आणि परत प्रोब करा. परत एलएसपीसीआय -एनएनके बघा, 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' समोर व्हीएफआयओ-पीसीआय आलं की झालं.

व्हीएम चालू करताना रॅमचा हिशोब ध्यानात ठेवा. कार्ड गेस्टच्या (व्हीएमच्या) कुठल्याही पानावर (पेजवर) कधीही लिहू शकतं, त्यामुळं नेहमीच्या पद्धतीत व्हीएफआयओ गेस्टची सगळी रॅम सुरुवातीलाच पिन करून ठेवतो. ८ जीबीचं व्हीएम म्हणजे खरोखर ८ जीबी गेली, स्वॅप नाही, बलूनिंगचा (चालू व्हीएमकडून रॅम परत घ्यायचा) उपयोग नाही. १६ जीबीच्या मशीनवर असली दोन व्हीएम काढायला जाऊ नका. क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) साध्या युजरनं हातानं चालवत असाल तर मेमलॉकची (किती रॅम पिन करता येईल त्याची) मर्यादा वाढवावी लागते, नाहीतर 'कॅनॉट अलोकेट मेमरी' येतं आणि माणूस उगीच रॅम कमी पडली म्हणून शोधत बसतो.

फॉल्ट वाचायला शिका

हे नीट वाचा, बाकीचं एक वेळ नंतर बघितलं तरी चालेल.

समजा कार्ड होस्टच्याच ड्रायव्हरकडं आहे (व्हीएमला दिलं की गेस्टची सगळी रॅम मॅप असते, तिथं अशी चूक पकडली जात नाही) आणि कॅमेरा ५ मेगापिक्सेल मोनो आहे, २४४८ बाय २०४८, एका पिक्सेलला एक बाइट. एक फ्रेम ५०,१३,५०४ बाइटची झाली. एक पेज ४०९६ बाइटचं, म्हणजे बरोबर १२२४ पेज, हेक्समध्ये ४सी८. ड्रायव्हरनं बफर (फ्रेमसाठी राखलेली मेमरी) मॅप केला आणि आयओव्हीए मिळाला एफई००००००. तर बफर एफई४सी८००० च्या एक बाइट आधी संपतो. आता होस्टच्या लॉगमध्ये असा फॉल्ट आला: डीएमएआर, डीएमए राइट, डिव्हाइस ०३:००.०, फॉल्ट अ‍ॅड्रेस एफई४सी८०००, रीझन ०५, पीटीई राइट अ‍ॅक्सेस इज नॉट सेट.

यात सगळं लिहिलंय. कोण, तर ०३:००.०. काय करत होतं, तर लिहीत होतं. कुठं, तर बफर संपल्याच्या लगेच पुढच्या पेजमध्ये. म्हणजे कार्ड फ्रेमच्या मागं अजून काहीतरी लिहितंय, टाइमस्टॅम्प, फ्रेम नंबर असलं काहीतरी, आणि ड्रायव्हरनं तेवढी जागा धरलेली नाही. बफर एका पेजनं मोठा करा, संपलं. आयओएमएमयू बंद असतं तर हेच बाइट दर फ्रेमला दुसऱ्याच कुणाच्या तरी मेमरीवर गेले असते आणि कुठंच काही लिहून आलं नसतं.

म्हणून कळकळीनं सांगतो, फॉल्ट दिसला की आयओएमएमयू बंद करून 'प्रॉब्लेम सुटला' असं म्हणायचं नाही. फॉल्ट गेला, चूक तिथंच आहे.

फॉल्टचा पत्ता बफरच्या जवळपास पण नसेल तर? पत्ता शून्य किंवा अगदी छोटा असेल तर डिस्क्रिप्टर (कार्डाला बफरचे पत्ते सांगणारी यादी) भरायच्या आधीच कार्ड चालू केलंय का बघा. पत्ता एकेकाळी बरोबर होता पण आता अनमॅप झालाय असं निघालं तर कार्ड थांबवायच्या आधी बफर सोडलाय. पत्ता बफरच्या आतच आहे आणि तरी रीझन ०५, तर मॅप करताना दिशा उलटी दिलीय, कार्ड लिहिणार असेल तर डीएमए_फ्रॉम_डिव्हाइस हवं. रीझन ०६ म्हणजे तीच गोष्ट वाचण्याबाबत. रीझन ०२ आला तर प्रकरण वेगळं, त्या आयडीची नोंदच टेबलात नाही, काही कार्डं स्वतःचा सोडून भलत्याच फंक्शनचा आयडी लावून रिक्वेस्ट पाठवतात, तिथं तुमचा ड्रायव्हर निर्दोष असू शकतो.

एएमडीवर हाच प्रकार आयओ_पेज_फॉल्ट नावानं येतो, डिव्हाइस, डोमेन आणि पत्ता दिलेला असतो. आर्मच्या एसएमएमयू व्ही३ वर इव्हेंट ०एक्स१० म्हणजे भाषांतर सापडलं नाही, ०एक्स१३ म्हणजे परवानगी नाही. आर्म बोर्डावर डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनात) त्या डिव्हाइसला आयओएमएमयूज ही प्रॉपर्टी आणि बरोबर स्ट्रीम आयडी दिलाय का हे सगळ्यात आधी बघा.

आणि एक मर्यादा. आयओएमएमयूचं सगळ्यात बारीक माप पेज आहे. वरच्या उदाहरणात फ्रेम पेजच्या सीमेवर बरोबर संपली म्हणून एक बाइटची चूक पण सापडली. फ्रेम ५०,००,००० बाइटची असती तर शेवटच्या पेजमध्ये १,२१६ बाइट शिल्लक राहिले असते आणि तेवढ्या जागेत कार्डानं काहीही केलं तरी फॉल्ट येणार नाही. त्या उरलेल्या जागेत दुसरं महत्त्वाचं काही ठेवू नका, डीएमएचे बफर पूर्ण पेजचे घ्या.

स्वतः ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी

व्हर्च्युअल पत्त्याचा फिजिकल पत्ता काढून तो थेट कार्डाच्या रजिस्टरमध्ये लिहायची जुनी सवय सोडा, आयओएमएमयू चालू झालं की तो पत्ता कार्डाच्या टेबलातच नसतो. आधी डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहेरंट बोलावून कार्ड किती बिटांचे पत्ते काढू शकतं ते सांगा. मग मॅप करा, डीएमए_मॅपिंग_एरर तपासा (ही ओळ बहुतेक लोक गाळतात), काम झालं की अनमॅप. ३२ बिटांचं कार्ड असलं तरी आयओएमएमयू त्याला ४ जीबीच्या खालचा आयओव्हीए देऊन मागं रॅममधलं कुठलंही पान जोडू शकतं. ते नसलं की कर्नलला स्विओटीएलबी वापरावं लागतं, म्हणजे खाली राखून ठेवलेल्या जागेत, जी मुळात ६४ एमबी असते, डेटा उतरवून घ्यायचा आणि मग कॉपी करायची, कॅमेऱ्यासारख्या कामाला हे जड जातं. डेव्हलपमेंटच्या कर्नलमध्ये डीएमए एपीआय डीबग चालू ठेवा, दोनदा अनमॅप, विसरलेलं अनमॅप, चुकीची दिशा, सगळं दाखवतो.

वेगाचं काय

आयओएमएमयूनं वेग पडतो असं सरसकट बोलतात. खर्च दोन ठिकाणी असतो, भाषांतर शोधताना आणि मॅप-अनमॅप करताना. पहिल्यासाठी आयओटीएलबी नावाचा छोटा कॅश असतो, तो पुरला नाही की पेज टेबल चालावं लागतं. वरच्या फ्रेमचे ८ बफर ४ केबी पेजनं धरले तर ९,७९२ नोंदी होतात, तेच सलग मेमरी घेऊन २ एमबी पेजनं धरले तर २०. म्हणून व्हीएमला ह्यूजपेज द्या, फरक तिथं पडतो.

दुसरा खर्च अनमॅपचा. स्ट्रिक्ट मोडमध्ये प्रत्येक अनमॅपला आयओटीएलबी लगेच साफ होतो, लेझीमध्ये बऱ्याच नोंदी जमवून एकदम, पण तेवढा वेळ कार्डाला जुन्या पानावर हात टाकता येतो. नेटवर्क कार्डाला पॅकेटमागं मॅप-अनमॅप असतं म्हणून तिथं फरक जाणवतो. फ्रेम ग्रॅबरला मात्र सुरुवातीला ८ बफर मॅप करा, ते फिरवत राहा, दर फ्रेमला नुसतं सिंक करा आणि कॅमेरा बंद करताना अनमॅप करा. असं केलं की स्ट्रिक्ट मोडचा खर्च जवळजवळ शून्य. कुठला मोड चालू आहे ते ग्रुपच्या फोल्डरातली टाइप ही फाइल सांगते: डीएमए म्हणजे स्ट्रिक्ट, डीएमए-एफक्यू म्हणजे लेझी, आयडेंटिटी म्हणजे भाषांतरच नाही.

लॅपटॉपवाल्यांसाठी थोडंसं. थंडरबोल्ट पोर्टमधून बाहेरचं डिव्हाइस पण डीएमए करू शकतं, २०१९ मध्ये थंडरक्लॅप नावानं यातल्या कमतरता जगासमोर आल्या. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून कर्नल डीएमए प्रोटेक्शन आहे, ते चालू आहे का हे सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये दिसतं. लिनक्समध्ये थंडरबोल्टच्या डोमेनखाली आयओएमएमयू_डीएमए_प्रोटेक्शन या फाइलीत १ असायला हवं.

चालू राहील याची सोय

शॉप फ्लोअरवरच्या पीसीची सीमॉस बॅटरी कधीतरी उतरतेच, बायोस मूळ सेटिंगवर जातो आणि बऱ्याच बोर्डांवर व्हीटी-डी परत बंद होतं. व्हीएम चालू होत नाही म्हणून ते लगेच कळतं, पण कार्ड होस्टवरच वापरत असाल तर मशीन निवांत चालू राहतं, फक्त संरक्षण गेलेलं असतं. बूटनंतर चालणारी एक छोटी स्क्रिप्ट ठेवा: आयओएमएमयू_ग्रुप्स फोल्डर रिकामा आहे का, कार्ड नेमलेल्या ग्रुपातच आहे का, आणि डीमेसगमध्ये नवा फॉल्ट आलाय का, हे तिनं बघायचं आणि काही चुकलं तर तपासणीचं सॉफ्टवेअर चालूच करायचं नाही, ऑपरेटरच्या स्क्रीनवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहायचं की मेंटेनन्सला बोलवा. बायोस अपडेट केल्यावर, कार्ड दुसऱ्या स्लॉटला हलवल्यावर आणि नवं कार्ड बसवल्यावर ग्रुपची यादी परत काढा, कारण एक कार्ड वाढलं तरी बस नंबर बदलू शकतात आणि कालचं ०३:००.० आज ०४:००.० होऊन बसतं.